एकाहत्तरपैकी चौसष्ट

बुधवारी सकाळी संगीत परीक्षा मंडळाच्या फलकावर निकाल लागला आणि साडेदहापर्यंत जिन्यात उभं राहायला जागा उरली नाही. यादीत सगळ्यात वर एका बँडचं नाव होतं. ते चारचौघांत उच्चारण्यासारखं नव्हतं. त्यात एक अवयव होता आणि एक नातं होतं. पुढे गुण होते. शंभरपैकी एक्क्याण्णव.

खाली परीक्षकाची सही.

या परीक्षकाला सगळे ‘एकाहत्तर’ म्हणत. तीस वर्षांत त्याने कुणालाही एकाहत्तरच्या वर गुण दिले नव्हते.

झालं होतं ते इतकंच. मंडळाचा हॉल रविवारी दुपारी भाड्याने जायचा. तिथे एक बँड काहीतरी भयंकर करतो अशी तक्रार आली. अध्यक्षबाईंनी एकाहत्तरला सांगितलं, “जाऊन बसा आणि काय घाण चालते ते लिहून आणा. बुकिंग रद्द करायला माझ्या हातात कागद हवा.” कागद कुठला, हे बाई बोलल्या नाहीत. एकाहत्तरच्या पिशवीत एकाच प्रकारचा कागद असायचा. परीक्षेचा, पिवळा. त्याने तो भरला. ऑफिसात पिवळा कागद आला की कारकून तो टाइप करून फलकावर लावायचा. म्हणून तर त्याला ‘टाचणी’ म्हणत. टाचणी नावं वाचत नसे. वाचली असती तरी लावलीच असती.

*सूर (३०): २८.* गायक मागून उघडा असलेला पेशंटचा झगा घालून येतो आणि मुद्दाम पाठ फिरवतो. पहिल्या गाण्यात श्रोत्यांच्या आयांचा उद्धार, दुसऱ्यात स्वतःच्या आईचा. दोन्हींत वरचा सूर स्वच्छ.

*लय (३०): ३०.* आजोबांच्या बेडपॅनवरचं गाणं अकरा मात्रांचं आहे. शब्द ऐकवत नाहीत. मध्येच वीज गेली, माइक आणि गिटार बंद. ड्रमवरची बाई अंधारात वाजवत राहिली, गायक नुसत्या गळ्याने गात राहिला. दोन मिनिटांनी वीज आली तेव्हा गिटारवाला नेमक्या मात्रेवर, नेमक्या सुरात आत आला. मी मोजत होतो.

*एकमेकांचं भान (३०): २९.* एक गुण कापला, कारण इतकं असू शकत नाही.

*शिस्त व पोशाख (१०): ४.* वेळेवर आले म्हणून.

*शेरा:* बुकिंग ताबडतोब रद्द करावं. पुढच्या रविवारी पुन्हा येऊन खात्री करून घेईन.

“मी रिपोर्ट मागितला होता,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “निकाल नाही.”

“रिपोर्टच आहे. घाण सगळी लिहिली आहे.”

“आणि हे एक्क्याण्णव?”

“तेही होतं तिथे.”

बाईंनी उठून दार लावून घेतलं. “बारा वर्षांपूर्वी तुम्ही मला अठ्ठावन्न दिलेत. आठवतंय?”

“वरचा सूर बसत नव्हता.”

“मी रडले नाही. घरी सांगितलं, तो माणूस हात आखडून गुण देतो, त्याचे अठ्ठावन्न म्हणजे दुसरीकडचे ऐंशी धरा. या शहरात हजार-दोन हजार माणसं तेच धरून सुखाने जगताहेत. आणि तुम्ही आज फलकावर लावलंत की एक्क्याण्णव होते तुमच्याकडे. होते, पण आम्हाला दिले नाहीत.”

“मागून मिळत नसतात ते—”

“गप्प बसा हो!”

जिन्यातही तेच. कुणी पंचावन्नवाला होता, कुणी त्रेसष्टवाली होती. एक निवृत्त संगीतशिक्षक आपलं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र झेंड्यासारखं धरून उभे होते. अश्लीलतेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दुपारी खुद्द गायक आला. तो एरवी चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि भांग पाडून यायचा.

“काका, ते एक्क्याण्णव मागे घ्या ना.”

“का? बरोबर आहेत.”

“तेच तर! लोक फोन करून अभिनंदन करताहेत. माझी आई पेढ्यांचं विचारतेय. ज्या आईबद्दल मी ते गाणं… जाऊ दे. आता शिव्या कुठल्या तोंडाने देऊ? दहा द्या, काका. फार तर बारा.”

“दुसऱ्या गाण्याच्या शेवटी श्वास लवकर घेतोस तू,” एकाहत्तर म्हणाला. “तो सांभाळ.”

गायकाने आपोआप मान डोलावली आणि मग स्वतःवरच चिडून निघून गेला.

घरी बायकोचा गाण्याचा क्लास असायचा. त्या संध्याकाळी समोरच्या खोलीत कुणी नव्हतं.

“मुली कुठे गेल्या?”

“घरी पाठवल्या.” ती टेबलाशी बसली होती, समोर कागद आणि पेन्सिल. “अहो, मला किती दिले होते तुम्ही?”

लग्नाच्या तीन महिने आधी ती त्याच्यासमोर परीक्षेला बसली होती. निकाल लागेपर्यंत त्याने मागणी घातली नव्हती. ते नियमात बसलं नसतं.

“चौसष्ट,” तो म्हणाला.

“चौसष्ट. एकाहत्तरपैकी. म्हणजे नव्वद टक्के.”

“अगं, गुण शंभरपैकी असतात.”

“छापलेले असतात शंभरपैकी. तुमच्याकडे एकाहत्तरपैकीच होते ना? सगळ्या जगाला ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं मी नव्वद टक्केवाली होते. तेवढ्या जोरावर क्लास काढला.” तिने कागद त्याच्याकडे सरकवला. गणित नीट मांडलेलं होतं. “आता एक्क्याण्णवपैकी चौसष्ट. सत्तर टक्के. एका बुधवारात माझे वीस टक्के गेले.”

“असं नसतं गं ते.”

“मग कसं असतं?”

त्याने कागदावरचा भागाकार पुन्हा तपासला. बरोबर होता.

ती चिडली नाही, अबोला धरला नाही. जेवायला वाढलं, किराण्याची यादी केली. फक्त गायची थांबली. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती जे गुणगुणायची ते बंद झालं. अठ्ठावीस वर्षं तो ते ऐकत आला होता आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी मनातल्या मनात त्यातले दोन-तीन गुण कापत आला होता. आता घरात फक्त नळाचा थेंब ऐकू यायचा. तोही लयीत नव्हता.

एक्क्याण्णव फलकावर असेपर्यंत बँडचं बुकिंगही रद्द करता येत नव्हतं. गुरुवारी अध्यक्षबाईंनी तोडगा काढला. त्यांचा मेव्हणा कानाचा डॉक्टर होता. गेल्या रविवारी, सहा तारखेला, परीक्षकाचे दोन्ही कान बंद होते असं तो लिहून देईल. परीक्षकाने सही करायची, एक्क्याण्णव रद्द. नाही केली तर परीक्षकच रद्द.

“करणार नाही,” एकाहत्तर म्हणाला. “माझे कान चांगले आहेत.”

शुक्रवारी घरात गाणं नव्हतं. शनिवारीही नव्हतं.

रविवारी दुपारी तो बाईंच्या घरी गेला. डॉक्टरांनी त्याच्या कानात बघितलंसुद्धा नाही. त्याने सही केली.

“पोटासाठी का होईना, शहाणपण सुचलं म्हणायचं,” बाई म्हणाल्या.

पोटाचा काही संबंध नव्हता. पण तीस वर्षांत त्याने कुणाला आपल्या वागण्याचं कारण दिलं नव्हतं, तेव्हा आता काय देणार?

तो घरी पोचला तेव्हा कुलूप होतं. ती अर्ध्या तासाने आली. केस ओले, कपड्यांवर गढूळ पाण्याचे डाग.

“हे काय? कुठे गेली होतीस?”

“तुमच्या एक्क्याण्णवकडे. पुढे बसले होते. त्या गायकाने बादली उपडी केली अंगावर.”

त्याला एकदम बरं वाटलं. “घाण आहे ना सगळं?”

“घाण आहे. माझ्या आईबद्दल जे बोलला ते ती असती तर तिथेच गेली असती.” ती खुर्चीवर बसली. “पण तिसऱ्या गाण्यात गिटारवाल्याची तार तुटली. त्याने सगळं उरलेल्या तारांवर हलवलं. आणि ते हलवायला त्याला जागा मिळावी म्हणून त्या ड्रमवाल्या बाईने एक ठोका गाळला. एकच. हॉलमध्ये कुणाला कळलंही नसेल.”

“तुला कळलं.”

“मला कळलं. म्हणून तर त्रास आहे. एक्क्याण्णव बरोबर आहेत, अहो.”

त्याने घाईघाईने खिशातून कागद काढला. “नाहीत बरोबर! रद्द झाले. हे बघ, माझे कान बंद होते. डॉक्टरचा सही-शिक्का आहे.”

“खोटं आहे हे.”

“असेल. पण कागदोपत्री मी बहिरा आहे ना? मग बहिऱ्याने दिलेल्या चौसष्टांना काय अर्थ आहे, सांग? तेही गेले. तू पुन्हा गा. मी काही मोजणार नाही.”

इतकं लांबलचक तो लग्नातही बोलला नव्हता. तिने चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

“‘सदर दोष केवळ सहा तारखेपुरता होता,’” तिने मोठ्याने वाचून दाखवलं. “‘त्यापूर्वीचे सर्व निकाल कायम राहतील.’ तुमच्या बाई हुशार आहेत हो. स्वतःचे अठ्ठावन्न सांभाळले त्यांनी.”

तिने कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

“तोवर तुम्हाला सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं,” ती म्हणाली, आणि कपडे बदलायला आत गेली.