परबकाकांचा लुडो

दुपारी जेवणं उरकून घोडपदेवची आमची अख्खी चाळ आडवी होते, आणि नेमकं तेव्हाच परबकाकांच्या खोलीतून टुंई-टुंई, ढब्ब सुरू होतं. काका लुडो खेळत असतात. कॉम्प्युटरवर.

कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड, काकांच्या ऑफिसने केव्हाच भंगारात काढलेला. पडद्याच्या जागी जुना टीव्ही. खेळ येतो टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमधून. ती आधी मांजराची शेपटी दारात चेमटल्यासारखी किंचाळते, मग हळूहळू चार रंगांचा पट उमटतो. खेळ काकांनी स्वतः लिहिलाय. "मेमरी थोडीच आहे, पण पुरवायची," असं ते कौतुकाने सांगतात. नळाचं पाणी लवकर गेलं तरी हेच सांगतात.

समोरच्या सावंतवहिनी हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून आलेल्या. एक दिवस त्यांनी मला पिटाळलं, "विनू, त्या म्हाताऱ्याक सांग, आवाज बंद कर म्हणून!"

मी गेलो. जाताना मोबाईलवर लुडो उघडूनच नेला.

"काका, हा घ्या. फुकट आहे, आणि आवाजही बंद करता येतो."

"आवाज बंद करून काय करू?" काका म्हणाले. "हिने खेळायचं कसं?"

खाटेवर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. साखरेने त्यांची नजर गेली, ते चाळीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या खेळतात, हे मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. फाशाचा आकडा पडेल तितके ठोके. प्रत्येक रंगाचा सूर वेगळा, असं काका म्हणाले. पिवळी काकूंची, निळी काकांची, लाल आणि हिरवी मशीन खेळतं. सोंगटी मेली की ढब्ब. सगळा पट काकूंच्या डोक्यात.

"पुढची पिवळी हलवा," काकू म्हणाल्या. ढब्ब झालं. "गेली तुमची निळी! आता बसा घरात गुमान."

"बघ, बघ कशी आहे," काका हरल्याच्या आनंदात म्हणाले.

मी बाहेर येऊन वहिनींना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या कानात कापूस घालून झोपायला लागल्या.

गेल्या महिन्यात काकू लेकीकडे डोंबिवलीला गेल्या. तरी दुपारी टुंई-टुंई चालूच. मला नवल वाटलं, म्हणून डोकावलो. काका खाटेवर, काकूंच्या जागी बसले होते. टीव्हीकडे पाठ, डोळे गच्च मिटलेले, कीबोर्ड मांडीवर.

"काका, बरं वाटत नाही का?"

"श्श. थांब." त्यांनी कान दिला. मग डोळे न उघडताच म्हणाले, "विनू, लाल आणि हिरवी सारख्याच वाजतात रे. कोण चाललं ते कळतच नाही. इतके दिवस ही अंदाजाने खेळत होती. एका शब्दाने बोलली नाही मला."

मग त्यांनी डोळे पुसले आणि कीबोर्ड टेबलावर घेतला.

"रविवारी येतेय ती. तोवर हिरवीचा सूर बदलायला हवा."