जास्वंदीचा बारीक कट

मुलीकडे निघताना काकूंनी काकांना एकच गोष्ट बजावली. "जास्वंदीला पाणी घाला. बाकी कशाला हात लावू नका."

तीन वर्षं ही बया नुसती पानांवर पानं काढत होती. आत्ता कुठे कळ्या धरल्या, तर नेमकं नातवाला सांभाळायला जावं लागलं. काकूंचा अर्धा जीव कुंडीतच राहिला. "पहिलं फूल उमललं की फोनवर दाखवा हं!" त्या जिन्यातूनही ओरडल्या.

काकांनी इमानेइतबारे पाणी घातलं. पण काका पडले सलूनवाले. दुकान मुलाच्या ताब्यात दिलं तरी हात थोडेच गप्प बसतात? डावीकडची एक फांदी कानावरच्या बटेसारखी बाहेर आली होती. काकांनी कात्री आणली. "एवढीच," त्यांनी झाडाला समजावलं. डावी बाजू बसली तर उजवी जड दिसायला लागली. उजवी घेतली, तर मागून उंच. शेवटी मनासारखं झालं, आता मागे आरसा धरायचा तेवढा राहिला. मग काकांनी खाली पाहिलं. सगळ्या कळ्या जमिनीवर!

"मेलो!" काका म्हणाले.

सकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल आला, तोवर काकांनी बाजारातून कापडी फूल आणून दोऱ्याने बांधलंही होतं. फोन त्यांनी फुलाच्या इतका जवळ धरला की झाड दिसायचा प्रश्नच नव्हता.

"अगं बाई, केवढं टपोरं! जावईबापू, या, या, बघा! अहो, संध्याकाळी मिटतानाही दाखवा. बिचारं एका दिवसाचं पाहुणं."

संध्याकाळी फूल सकाळइतकंच टवटवीत.

"अजून मिटलं नाही?"

"तू आल्याशिवाय मिटणार नाही म्हणतंय," काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी काकू दारात हजर! "ते वाट बघतंय म्हणालात, मग मला कसलं राहवतंय?" हातातली पिशवीही न ठेवता त्या थेट गॅलरीत गेल्या. काका मान खाली घालून मागोमाग.

बोडक्या झाडावर एकुलतं एक फूल डौलात उभं होतं. काकूंनी पाकळी चिमटीत धरली. दोरा पाहिला.

"वाढेल गं पुन्हा," काका पुटपुटले. "चुकलंच माझं."

"तीन वर्षं हो!" काकूंचे डोळे भरले. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि झाडाकडे पुन्हा नीट पाहिलं. "आणि भांगसुद्धा पाडलाय मेल्या झाडाचा!" त्या म्हणाल्या, आणि हसता हसता खालीच बसल्या.

कट मात्र झाडाला मानवला. नवे धुमारे फुटले आणि पुढे जास्वंद अशी लगडली की शेजारच्या वहिनी मुद्दाम बघायला आल्या. त्यांनी सगळी फुलं न्याहाळली आणि नेमकं मधल्या एकाकडे बोट दाखवलं.

"बाकीची ठीक आहेत, पण हे काय सुरेख आहे! मला याचीच फांदी द्या."

"दुसरी कुठलीही घ्या," काकू त्या फुलावरची धूळ पदराने टिपत म्हणाल्या. "हे आमच्या ह्यांनी फुलवलंय. याची फांदी दुसऱ्यांकडे लागत नाही."