कोणाची वाट बघता, ता इचार

प्रोग्रॅम अडकला की जगभर माणसं तो बंद करून पुन्हा चालू करतात. आमच्या परळच्या ऑफिसात तसं कोणी करायला गेलं की सावंतकाका येऊन त्याचा हात धरायचे. अक्षरशः मनगट. "मारू नको रे त्याका. तो कोणाची वाट बघता, ता आधी इचार."

काका लालबागचे. एरवी मोजकं बोलायचे. प्रोग्रॅम अडकला की त्यांची मालवणी सुटायची.

मध्यंतरी आमचं तिकीट बुकिंग अधूनमधून अडकायला लागलं. एखादं गिऱ्हाईक बटण दाबे, पडद्यावर चक्र फिरू लागे आणि फिरतच राही. एरर वगैरे काही नाही. साहेबांनी तातडीची मीटिंग घेतली. राखाडी चक्राकडे बघून लोक वैतागतात, असं तीत निघालं. मग निळं चक्र आलं. तेही फिरत राहिलं. साहेबांनी लोकांना निळं आवडलं का, याची पाहणी करायला सांगितलं.

काकांनी दुपारी आम्हाला पॅसेजमध्ये उभं केलं. मी प्रोग्रॅम, आमचा पेडणेकर निरोप्या आणि साहेब बँक. गिऱ्हाइकाचे पैसे मिळतील का, हे पेडणेकरने साहेबांना विचारून उत्तर माझ्याकडे आणायचं. साहेब 'हो' म्हणाले, पेडणेकर परतला. दुसऱ्या खेपेला काकांनी त्यांना 'नाही' म्हणायला सांगितलं. ते साहेबांना सहज जमलं. पेडणेकर वळला, तर काकांनी त्याला तिथेच थोपवलं. 'नाही' आलं तर काय करायचं, हे कोडमध्ये कोणी लिहिलंच नव्हतं. म्हणून निरोप्या तिकडे उभा आणि मी इकडे वाट बघतोय. नकारसुद्धा परत येऊन सांगायचा असतो, एवढी एक ओळ राहिली होती. काकांनी ती घातली. चक्र थांबलं.

निळ्या रंगाचा गुण आला, असं साहेबांनी वर कळवलं आणि खुशीत सगळ्यांना चार वाजताच सोडलं. ऑफिस रिकामं झालं. काका मात्र खुर्चीतच. मी म्हटलं, चला, लालबागपर्यंत चालत जाऊ.

"घरी जाऊन काय करू?" ते म्हणाले. "बायको गेल्यापासून सगळंच लवकर संपतं रे. एकट्याचा भात, एकट्याची भांडी."

मग टेबलावरचा चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे अजून काही अडकलंय का?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. मी बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, "आहे ना, काका. जरा किचकटच आहे."