गोळीचं टेक्निकल

अक्षताची गोळी फ्रीजवर असायची, आणि परतूरच्या त्या घरात फ्रीजवर ठेवलेली वस्तू म्हणजे चावडीवर ठेवलेली वस्तू. विजेचं बिल, सासऱ्यांचा चष्मा, रिमोटचे संपलेले सेल, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, असा सगळा ऐवज तिथे मुक्कामाला. गोळी मुद्दामच तिथे ठेवली होती. लपवलेली वस्तू लोक हुडकतात, उघड्यावरच्या वस्तूकडे कुणी ढुंकून बघत नाही, हा अक्षताचा सिद्धांत. ती हायस्कूलात विज्ञान शिकवायची, त्यामुळे सिद्धांतांवर तिचा विश्वास होता. माणसांविषयी शिकवत असती तर नसता.

गोळी होती मूल होण्यासाठी. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी पीसीओएस म्हणजे काय ते कागदावर चित्र काढून समजावलं होतं. अंडी आहेत, पण एकही धड पिकत नाही आणि बाहेर पडत नाही; ही गोळी त्यांना कामाला लावेल. अक्षताचा नवरा भारत बाजार समितीत कापसाच्या आवकेचा हिशेब ठेवायचा. त्याने बराच वेळ चित्राकडे बघून विचारलं, "म्हणजे मॅडम, बोंडं लागलीत, पण फुटून न्हाई राह्यली?" डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि, हो, तसंच समजा, असं म्हणून पुढच्या पेशंटला बोलावलं.

हे घरात सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात 'काय, विशेष?' हा प्रश्न विचारला नाही असा नातेवाईक उरला नव्हता. उपचार चालू आहेत म्हटलं की तोच प्रश्न दर महिन्याला, सोनोग्राफीच्या तारखेसकट आला असता. सासूबाईंना, म्हणजे प्रभावतीबाईंना भारतने सांगितलं होतं की गोळी रक्त वाढायची आहे. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. फक्त त्यांच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत केदारखेड्याला पोचायची. तिथे त्यांची नणंद कांताबाई राहायची, आणि कांताबाईला कळलं की दवंडीचा खर्च वाचायचा.

गोळी मात्र इमानदार होती. ऐन थंडीत अक्षताच्या अंगातून वाफा निघायच्या. डोकं ठणकायचं. वर्गात पोराने फळ्यावर 'प्रकाशसंश्लेषण' बरोबर लिहिलं तरी तिला रडू यायचं, चुकीचं लिहिलं तर पट्टी हातात यायची.

अशात कांताबाईचा मुलगा बुद्धभूषण माल बघायला परतूरला आला आणि मामाच्या घरी चहाला टेकला. त्याचं केदारखेड्यात कृषी सेवा केंद्र होतं. धंद्यामुळे त्याला एक खोड जडली होती. कसलीही पुडी, बाटली, डबी दिसली की उलटी करायची आणि आतलं औषध कोणतं ते वाचायचं. या औषधाला दुकानदार लोक टेक्निकल म्हणतात. "नाव कंपनीचं असतंय, काम टेक्निकल करतंय," हे तो दिवसातून पंचवीस शेतकऱ्यांना सांगायचा. कोणत्या टेक्निकलने कोणती अळी मरते ते त्याला पाठ होतं. चष्मा शोधताना मामांनी फ्रीजवरची स्ट्रिप खाली पाडली. बुद्धभूषणने ती उचलली, उलटी केली आणि सवयीने वाचली.

हे टेक्निकल त्याच्या ओळखीचं नव्हतं. त्याने मोबाईलवर नाव टाकलं. मोबाईलने पहिल्याच ओळीत सांगितलं की हे औषध स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरतात. ते खोटं नव्हतं. खाली चार-पाच ओळींनंतर मूल होण्यासाठीही वापरतात असंही लिहिलं होतं. पण बुद्धभूषण हा पहिल्या ओळीवर फवारणी सांगणारा माणूस. त्याने स्ट्रिप होती तशी ठेवली, दुसरा चहा नको म्हणाला आणि मामीला नळापाशी नेऊन सांगितलं, "मामी, मन घट्ट करा. वहिनीनं तुमच्यापासून लपवलंय."

अक्षता शाळेतून आली तेव्हा भांडी घासलेली होती. सासरे अप्पाराव स्वतःची खुर्ची सोडून उभे राहिले. सासूबाई पायाचा रस्सा करून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बस माय. गरम गरम पी." तीन वर्षांत त्यांनी तिला माय म्हटलं नव्हतं. अक्षताला वाटलं, गोळीचा हा परिणाम डॉक्टरीणबाई सांगायच्या विसरल्या.

दुसऱ्या दिवशी कांताबाई आली. बोचक्यासकट आली, म्हणजे राहायला आली. तिने अक्षताच्या कपाळाला हात लावला आणि हात भाजल्यासारखा मागे घेतला. तीन वर्षं जी अक्षताला 'लई जाड झाली' म्हणत होती, तिला आता तीच अक्षता सुजलेली दिसू लागली. त्यामागून बाकीचे आले. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत, त्यामुळे घरात ग्लुकोजचे पुडे, शहाळी, सफरचंदं आणि दुधाच्या पावडरीचे डबे साठले. डॉक्टरीणबाईंनी गोड बंद करायला सांगितलं होतं. नाही म्हटलं तर प्रत्येक जण डोळ्याला पदर लावून म्हणायचा, तोंडाची चव गेली वाटतं.

अक्षताला प्रकार कळला तो भारतकडून, आणि भारतला बुद्धभूषणच्या फोनवरून. दादा, हिंमत ठेव, वेळ पडली तर मुंबईला नेऊ, असं बुद्धभूषण म्हणाला होता. घरात दोघांना बोलायला कोपरा उरला नव्हता, म्हणून ही बोलणी मोटारसायकलवर, जालन्याच्या गाडीसाठी स्टेशनला जाता जाता झाली.

"सांगून टाकू का सगळ्याईला?" भारत म्हणाला.

"काय सांगता?"

"का कॅन्सर न्हाई म्हणून."

"मंग गोळी कशाची हाय म्हणतेल."

भारतने गाडीचा वेग वाढवला. अक्षता मात्र मागे बसून दुसऱ्याच हिशेबात होती. आल्यापासून एकाही पाहुण्याने 'काय, विशेष?' विचारलं नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या पोटाकडे न बघता लोक तिच्या तोंडाकडे बघत होते. माणसांच्या नजरेत राहायला एवढा मोठा रोग लागतो, हे तिला विज्ञानाच्या पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं.

जालन्यात डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून चक्क हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक अंडं नीट वाढलं होतं. त्यांनी ते फुटायचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की उद्याचा दिवस सोडू नका. मग भारतकडे वळून, त्याला समजेल अशा भाषेत म्हणाल्या, "बोंड फुटणार आहे. वेचणी चुकवू नका."

दोघं परतीच्या गाडीत पोरासोरांसारखी हसत आली. दारात केदारखेड्याची जीप उभी होती. अंगणात सतरंज्या, चुलीवर पातेलं. अप्पारावांनी सुनेच्या प्रकृतीसाठी उद्या घरी परित्राणपाठ, म्हणजे रक्षणाच्या बुद्धवचनांचं पठण, ठेवला होता. भंतेजींना निमंत्रण गेलं होतं. अप्पाराव आयुष्यभर शिक्षक. नवस, अंगारे, बाबा, बुवा त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नव्हते. सुनेच्या आजाराने ते पार हलले होते आणि त्यांना हेच सुचलं. नको कसं म्हणायचं?

आजारी माणसाला एकटं ठेवायचं नाही, म्हणून कांताबाई आणि दोन चुलत्या अक्षताच्या खोलीत झोपल्या. भारतची रवानगी गच्चीवर, बुद्धभूषणच्या शेजारी झाली. बुद्धभूषण त्याला हिंमत देत राहिला, तो स्वतः घोरायला लागेपर्यंत.

सकाळी घर माणसांनी भरलं. पाठ, मग जेवणं, मग पाहुण्यांचे निरोप. दिवस कसा जाणार ते अक्षताला समोर दिसत होतं. अंगातून वाफा निघत होत्या. कांताबाई चमच्याने ग्लुकोजचं पाणी पाजायला आली तेव्हा अक्षताचा बांध फुटला. "आत्याबाई, मला घडीभर एकटीला सोडा हो. हात जोडते."

कांताबाई बाहेर जाऊन बायकांना म्हणाली, "ती न्हाई बोलून राह्यली. रोग बोलून राह्यला."

अक्षता उठून स्वयंपाकघरात गेली. सासूबाई एकट्याच काहीतरी चिरत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्याचं असावं असं तिला वाटलं. मग दिसलं की त्या चिरत असलेली मेथी आहे.

तिथे अक्षताचा धीर सुटला. तिने दार लोटून सगळं सांगितलं. गोळी, अंडी, इंजेक्शन, आणि आजचा दिवस. शेवटचं सांगताना तिने चुलीकडे बघितलं.

सासूबाईंनी विळी बाजूला सारली. 

"म्हणजे तू मरून न्हाई राह्यली?"

"न्हाई."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं गं?"

"तुम्ही आत्याबाईला सांगितलं असतं."

सासूबाईंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं. "आजचाच दिस म्हणली ना?"

"आजचाच."

त्या उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी जाहीर केलं की पेशंटला गर्दी सोसवत नाही, आताच घेरी आली, तेव्हा पाठ विहारात करू. पाठाचा दोरा मी तिच्यासाठी घेऊन येईन. अप्पारावांना ते लगेच पटलं. विहारात माईकही होता. अडचण फक्त कांताबाईची होती. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी बसते पोरीपाशी.

"कांताबाई, तुम्ही घरात थोरल्या," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पुढं न्हाई बसल्या तर पाठाला शोभा हाय का? भारत बसतोय तिच्यापाशी."

"त्याला काय कळतंय आजाऱ्याचं?"

"न्हाई कळत," सासूबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. "पण आज त्यानंच शिकायला पाह्यजे."

बुद्धभूषण गाडीची गरज लागेल म्हणून थांबणार होता. त्याच्या हातात पाण्याचा जार दिला गेला. अंगण रिकामं झालं, आणि मग बाहेरून कडी वाजली.

"आई भायेरून कुलूप लावून गेली," भारत गोंधळून म्हणाला. "कोणी भेटायला आलं तर?"

"म्हणूनच लावलं," अक्षता म्हणाली.

भारतला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो कानापर्यंत लाल झाला आणि खाटेवर बसला तो बसलाच. अशात विहाराच्या कर्ण्यातून खरखर ऐकू आली आणि पाठोपाठ अप्पारावांचा आवाज, थेट खिडकीतून, खोलीत उभे असल्यासारखा. "माझी सून न्हाई ती, माझी लेक हाय. आणि माझा भारत... तिच्या सेवेत..." इथे कर्णा पुन्हा खरखरला.

भारत ताडकन उभा राहिला. बापाचा आवाज ऐकून उभं राहायची सवय त्याला शाळेपासून होती.

"खिडकी लावा," अक्षता म्हणाली.

त्याने खिडकी लावली. पुढचं सांगण्याजोगं नाही, आणि दोघांनी ते कुणाला सांगितलेलंही नाही.

मंडळी जेवायला परतली तेव्हा अक्षता उठून वाढायला लागली होती. सासूबाईंनी तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली. कांताबाईने सगळ्या बायकांना तिचं तोंड दाखवलं. बघा, कसा रंग आला. अप्पाराव समाधानाने दोनदा जेवले. बुद्धभूषण म्हणाला की टेक्निकल आपलं काम करतंच, फक्त वेळेवर पडलं पाहिजे. त्या घरात पहिल्यांदाच तो काहीतरी बरोबर बोलला होता, आणि ते त्याला कधीच कळलं नाही.

पुढच्या महिन्यात अक्षता सकाळी स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिली. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं. काही विचारलं नाही. चहात आलं जास्तीचं टाकलं, कप तिच्या हातात दिला, आणि फ्रीजवरची स्ट्रिप उचलून ज्वारीच्या डब्यात, पार तळाशी खुपसून ठेवली.

"या खेपेला न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणल्या, पुन्हा पहिल्यापासून," अक्षता कपाकडे बघत म्हणाली. "एकदोन महिन्यांत होईलच असं न्हाई."

"कापसाची तरी पहिल्याच वेचणीत कुठं गाडी भरती?" सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. केदारखेडा. सासूबाईंनी उचलला, ऐकलं, हूं हूं केलं, मग फोनवर तळहात दाबून सुनेकडे वळल्या.

"कांताबाई इचारते, पोरीची तब्येत कशी. बरी झाली म्हणून सांगू?"

"बरी झाली म्हणलं तर पुढं काय विचारतेल?"

"विशेष काय हाय, ते."

अक्षताने चहाचा एक घोट घेतला. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं, आणि ते गोळीचं नव्हतं.

"मंग राहू द्या अजून थोडे दिवस."

सासूबाईंनी मान हलवली, फोन कानाला लावला, आणि अगदी आतून एक उसासा काढून म्हणाल्या, "काय सांगू बाई तुम्हाला..."