डॉक्टर सबनीस आणि शंभर ग्रेनची गोळी

'काडतूस काय हो, कुठलंही चालतं' असं डॉक्टर सबनीसांसमोर म्हणालेला माणूस त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जेवायला आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी इंग्लंडात लेस्टरला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून आलो ते साल पंच्याऐंशी. सबनीस तिथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, आणि कायम रागावलेले असत. कार पार्कवर राग, कौन्सिलवर राग, डब्यातल्या आमरसावर राग. रविवारी ते एका शेतकऱ्याच्या रानात हरणं मारायला जात. हरणं त्याचा गहू फस्त करत. परवाना, रायफल, सगळं रीतसर होतं. तिथल्या मराठी मंडळातल्या शाकाहारी लोकांनी नाकं मुरडली की सबनीस म्हणत, "मारायचं तर नीट मारा. अर्धवट मारणं हा हलकटपणा आहे."

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तीन रिकामी काडतुसं उभी असत. पाहुण्यानं पोळीचा पहिला घास घेतला की परीक्षा सुरू. "टू-फोर-थ्री, टू-सेव्हन्टी, थ्री-ओ-एट. कुठलं घ्याल?"

पाहुणा बिचारा सगळ्यात मोठ्याकडे बोट दाखवी.

"धक्क्याच्या भीतीनं डोळे मिटाल तुम्ही. मग नेम कुठे जाईल? पोटात."

मग तो घाईघाईनं धाकट्याकडे वळला की सबनीस विचारत, "आणि त्यात गोळी किती वजनाची घालणार? शंभर ग्रेनच्या खाली आलात तर माझ्याशी बोलू नका."

सुलभावहिनी आमटी वाढता वाढता हळूच सांगत, "उत्तर देऊ नका, जेवा."

एका जानेवारीत हाडांचे डॉक्टर केळकर त्या रानात आले. नवी हौस होती. सबनीसांनी फाटकापाशीच त्यांची काडतुसं बघायला मागितली, आणि ती पाहताच सबनीसांचा चेहरा लाल झाला.

"हे कोल्ह्याचं काडतूस आहे. हरणाला कायद्यानंसुद्धा चालत नाही."

"अहो, खांद्याला धक्का बसत नाही याचा," केळकर म्हणाले. "आणि मरतंच की शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी?"

केळकर हसले. सबनीसांनी त्यांना तिथूनच परत पाठवलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी केळकर कोणाला न सांगता एकटेच गेले. रविवारी सकाळी त्यांचा मला फोन. "एका मादीला लागली, पण पळाली रे. सबनीसांना तू सांग ना. माझ्याकडे लंचला माणसं आहेत."

मी सबनीसांना फोन केला आणि कानापासून रिसीव्हर लांब धरला. पलीकडून आवाजच आला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चिखलातले वेलिंग्टन बूट आहेत ना तुमच्याकडे? घालून या."

गव्हाच्या कडेपासून रक्ताचे थेंब शोधत आम्ही तीन तास वाकून चाललो. मादी वाळलेल्या नेच्यांत पडली होती. खांदा फुटलेला, जीव होता. आम्हाला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला. सबनीसांनी एका गोळीत तिला मोकळं केलं.

मग ते चिखलातच तिच्याशेजारी बसले.

मीच भडकलो होतो. "केळकरांचा परवाना काढून घ्यायला पाहिजे."

"घेतील. आजच कळवतोय पोलिसांना." त्यांनी टोपी काढली. "पण केळकरांवर ओरडायला मला तोंड नाही."

टोपी त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"पहिल्या वर्षी मी ते धाकटं टू-फोर-थ्रीच घेतलं होतं. काडतूस बरोबर होतं. गोळी हलकी. दुकानदार म्हणाला, सरळ जाते, नेमाला सोपी. मला सोपं हवं होतं. एका मादीच्या हाडावरच फुटली. आत पोचलीच नाही."

"सापडली का ती मादी?"

"नाही. आठ दिवस रोज ड्युटी संपली की इथे यायचो. ओढा, कुंपणं, शेजारचं रान, सगळं पालथं घातलं. पोटात पिल्लू असणार, जानेवारीच होता." ते शेजारच्या मादीच्या मानेवरचे केस सारखे करत होते. "सुलभाला सांगायचो, इमर्जन्सी आहे, उशीर होईल."

मग म्हणाले, "ते काही खोटं नव्हतं हो."