हौसेरावांची चौथी पसंती

वैष्णवीचा कॉलेजचा फॉर्म आपणच भरायचा, असं हौसेरावांनी ठरवलं तेव्हा घरात कुणी आडवं आलं नाही. लेक मैत्रिणीच्या ताईच्या लग्नाला साताऱ्याकडे गेलेली, तिथे रेंज नाही आणि शेवटची तारीख उद्यावर. फोन लागला तेव्हा तिने एवढंच सांगितलं, की बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजीच हवं. दुसरं काही मिळालं तर घर डोक्यावर घेईन. (धमकी पोकळ नव्हती. दहावीच्या निकालाला तिने ते करून दाखवलं होतं.)

हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पंचवीस वर्षं खरेदी करत होते. त्यांचा नियम एकच: जो ढीग हवा, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आधी दुसऱ्या दोन-तीन ढिगांचा भाव विचारायचा, नाक मुरडायचं आणि जाता जाता हव्या त्या मालाला हात घालायचा. फॉर्मवर चार पसंती क्रमाने मागितल्या होत्या. हौसेरावांनी चष्मा सावरला आणि आयटी, कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स असे तीन ढीग पुढे मांडले. मायक्रोबायोलॉजी चौथी.

हवं ते शेवटी का, असं त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी विचारलं.

"आगं, पयल्यालाच हावरेपना दाखवला की समोरचा भाव चढवतो," असं म्हणत त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

दोन दिवसांनी परतलेल्या वैष्णवीने फॉर्म बघून वरच्या तीन पसंतींवर बोट ठेवलं.

"पप्पा, या तिन्हीला बारावीला गणित लागतं. माझं गणित आहे कुठे? मी बायोलॉजी घेतलेलं ना."

दोन वर्षं तिला रोज स्कूटरवरून क्लासला सोडणाऱ्या हौसेरावांना ही बातमी नवीन होती. पात्रतेचं पान त्यांनी उघडलंच नव्हतं. आता अख्खा फॉर्मच बाद होणार, पोरीचं वर्ष आपल्यामुळे जाणार, या विचाराने ते रात्रभर तेच पान वाचत बसले.

सकाळी तिघंही कॉलेजात हजर. ऑफिसातल्या नमिता मॅडमनी कॉम्प्युटरवर वरून एकेक पसंती बघितली. गणित नाही, गणित नाही, गणित नाही. चौथीपाशी त्या थांबल्या.

"मायक्रोबायोलॉजीत झालंय हिचं ॲडमिशन. गणित असतं ना, तर एवढ्या मार्कांवर पहिलीच पसंती लागली असती. आयटीत गेली असती पोरगी."

वैष्णवीने आनंदाने बापाचा दंड घट्ट धरला. हौसेरावांचे डोळे भरून आले. मग छाती भरून आली. शेवटी हव्या त्या मालालाच हात लागला की नाही, असं ते बायकोला विचारू लागले.

तेवढ्यात मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. तीन पसंती चुकीच्या का भरल्या, याचा खुलासा फाइलला लावावा लागतो म्हणे. हौसेरावांनी घाम पुसत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'मी पात्रतेच्या अटी न वाचता आणि मुलीचे विषय माहीत नसताना फॉर्म भरला.'

खाली साक्षीदाराची सही लागत होती. ती सत्यभामाबाईंनी केली. इतक्या खुशीने त्यांनी लग्नाच्या रजिस्टरवरही केली नव्हती.