मास्तरांच्या पायाचं मत

ठकीची शाळा संपली, विद्यापीठाचं माहितीपुस्तक घरी आलं, आणि मास्तरांनी आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय घेतला : आपण मत द्यायचं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. बावीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते. त्या सीटसमोर त्यांच्यासाठी खास एक जादा ब्रेक बसवलेला होता. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, जीव आपला, आणि दोघांच्या मधे तेवढा एक ब्रेक. अशी बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा उजवा पाय त्याच्या ताब्यात राहत नाही. (पाय ताब्यात राहिला असता तर माणूस राहिला नसता.)

घरातसुद्धा काहीही हललं की मास्तरांचा पाय फरशी दाबायचा. कुकरची शिटी वर चढायला लागली की पाय खाली. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की पाय खाली. एकदा बायको वजनकाट्यावर उभी राहिली, काटा गरगर फिरायला लागला, आणि मास्तरांच्या पायाने कचकन ब्रेक मारला. (घरात दोन दिवस अबोला होता.)

तर मत न देण्याचा निर्णय कसा झाला ते सांगायला हवं. पालकांच्या सभेत एका समुपदेशक बाईंनी व्याख्यान दिलं. त्या म्हणाल्या, "मुलांच्या आयुष्याचं स्टिअरिंग मुलांच्या हातात द्या."

सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. मास्तर मात्र उभे राहिले. विषय त्यांच्या धंद्यातला होता.

"मॅडम, स्टिअरिंग मी बावीस वर्षं देतोय. ब्रेकचं काय करायचं?"

"ब्रेकही नको," बाई म्हणाल्या. "नाही म्हणू नका. हो सुद्धा म्हणू नका. नुसतं सोबत बसा."

नुसतं सोबत! मास्तरांना घाम फुटला. पण बाईंचं म्हणणं त्यांना मनापासून पटलं, कारण मास्तरांच्या वडिलांनी त्यांना असंच ढकलून टायपिंगच्या क्लासला घातलं होतं, आणि आजही टाइपरायटर दिसला की मास्तरांची बोटं दुखायची. आपल्या लेकीचं तसं व्हायला नको. तिला जे आवडेल तेच तिने शिकावं, आपल्या मर्जीसाठी एक अक्षरही बदलू नये. सभागृहाच्या पायऱ्या उतरता उतरताच त्यांनी बायकोला वचन दिलं, "ठकीच्या निवडीबद्दल माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

"बघू," बायको म्हणाली.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" त्यामुळे घरी ती फार बोलत नाही. नुसतं "बघू" म्हणते आणि तिला खरोखरच सगळं दिसतं.

त्याच संध्याकाळी ठकी माहितीपुस्तक घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. समोर आई, बाजूला मास्तर. मास्तरांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की मिशी नाकात गेली होती.

"कार्यालय व्यवस्थापन," ठकीने वाचलं. "तीन वर्षं. फायलींची रचना, पत्रव्यवहार, बैठकांची टिपणं."

मास्तर शांत. पायही शांत. (खरं तर मास्तरांना डुलकी लागली होती. उघड्या डोळ्यांनी झोपणं ही त्यांची जुनी कला. पार्किंगच्या धड्याला तिचा फार उपयोग व्हायचा.)

"औषधनिर्माण."

टेबलाखाली हलकेच 'टप्' झालं.

"मानसशास्त्र."

'टप्', आणि वर खोकला.

"फॅशन डिझाइन."

टप् टप्.

मग ठकीने पान उलटलं, आणि तिचा आवाज जरा बदलला. ही मुलगी चालायला लागल्यापासून दगड गोळा करत होती. दगड सोफ्याखाली, दगड फ्रिजवर, दगड आईच्या चपलेत. "भूगर्भशास्त्र," ती म्हणाली. "डोंगरात शिबिरं... खाणीत उतरायचं... आणि शेवटच्या वर्षाला, आई, जिवंत ज्वालामुखीची पाहणी!"

धाड! धाड! धाड! धाड! धाड!

टेबलावरचे पेले उडाले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मास्तरांचं तोंड मात्र तसंच मिटलेलं होतं. चेहरा एखाद्या पुतळ्यासारखा, आणि पाय एखाद्या ढोलकीवाल्यासारखा.

"बाबा, काही म्हणालात?"

मास्तरांनी अभिमानाने मान हलवली. एक शब्दही निघाला नव्हता.

यानंतर आठवडा सुखाचा गेला. पसंतीक्रम भरून पाठवायची मुदत बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. ठकीने मंगळवारी सकाळीच अर्ज पाठवला. काय भरलं ते मास्तरांनी विचारलंही नाही. आपण जगातले आदर्श बाप झालो, असं त्यांना वाटत होतं, आणि हे सुख बुधवारी दुपारी साडेतीनपर्यंत टिकलं.

बुधवार त्यांच्या सुट्टीचा. बायकोने सकाळीच त्यांचा चष्मा काढून दुकानात नेला होता, नंबर बदलायला. चष्म्याशिवाय मास्तरांना लांबचं काही दिसत नसे, पण जवळचं झकास दिसे. आणि जवळच, फ्रिजवरच्या एका दगडाखाली, ठकीच्या अक्षरातला कागद होता. वर मथळा : 'बाबांचा पाय'. खाली यादी.

कार्यालय व्यवस्थापन — शांत.
औषधनिर्माण — एकदा.
मानसशास्त्र — एकदा, खोकल्यासह.
फॅशन डिझाइन — दोनदा.
भूगर्भशास्त्र — पाच वेळा. खालचे काका उठले.

मास्तरांनी यादी दोनदा वाचली. तोंड बंद ठेवलं आणि पाय बडबडत राहिला! पोरीने पायाकडे बघून यादी केली, बापाचा पाय जिथे गप्प ते पहिलं, आणि जीव की प्राण असलेले दगड तळाला! त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, ठकीने अर्ज कशावरून भरला?"

"फ्रिजवरच्या कागदावरून. समोर ठेवून भरत होती. का?"

"तो कागद तू वाचलास?"

"अहो, मी इथे एकांच्या डोळ्यात दिवा धरून उभी आहे. पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं," लांबून एक आवाज आला.

"अगं, पोरगी जन्मभर फायली लावत बसेल! माझ्या पायापायी!"

"पहिलं बरं, की दुसरं?"

"तू मला विचारतेयस की त्यांना?"

"तुम्हाला कोण विचारतंय?" बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात ठकी बाहेरून आली. हातात एक नवा दगड होता. मास्तरांनी तिला दारातच अडवलं. "चल! विद्यापीठात! पाचच्या आत क्रम बदलून घ्यायचा!"

"पण बाबा, तो कागद..."

"कागद वाचला मी. सगळं कळलं. चूक माझी आहे. चपला काढू नकोस!"

"अहो, ऐका तर..."

"गाडीत बोलू!"

चष्मा नाही म्हटल्यावर गाडी ठकीलाच चालवावी लागणार होती. लायसन्स तिला अठरा पूर्ण होताच मिळालं होतं. (शिकवलं अर्थातच मास्तरांनी. तेव्हापासून त्यांनी तिची गाडी तीसच्या वर जाऊ दिली नव्हती.) डोक्यावर 'ड्रायव्हिंग स्कूल'ची पाटी असलेली ती गाडी फाटकातून बाहेर पडली, मास्तर आपल्या नेहमीच्या सीटवर होते आणि पाय आपल्या नेहमीच्या जागी गेला.

"बाबा, मी काय सांगत होते..."

"रस्त्याकडे बघ!"

कच्च! गाडी थांबली. समोरून कुणीतरी लाल कपड्यातलं येत होतं.

"ती टपालपेटी आहे बाबा."

गाडी निघाली. कच्च! समोरून भलीमोठी बस अंगावर आली.

"ती जाहिरातीच्या फलकावरची बस आहे."

"मला काय ठाऊक! तू रस्त्याकडे बघ!"

पुढे एका झाडासाठी ब्रेक लागला, एकदा ढगासाठी लागला, आणि एकदा कशासाठीच लागला नाही, नुसताच लागला. चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा ते घरापासून तीन चौक लांब आले होते. एक सायकलवाले आजोबा त्यांना दोनदा मागे टाकून पुढे गेले. (दुसऱ्यांदा मागे टाकण्यासाठी ते मधे भाजी घ्यायला थांबले होते.) चौथ्या चौकात गाडी बंदच पडली, आणि मागच्या सगळ्या गाड्यांनी एका सुरात भोंगे वाजवले.

ठकीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "बाबा, असं चाललं तर आपण परवा पोचू."

मास्तरांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. पन्नास मिनिटं उरली होती. एका बाजूला लेकीचं आयुष्य, दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांची सवय. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घातली. उजवा पाय सुटून जाऊ नये म्हणून त्याचा अंगठा दोन्ही हातांनी गच्च पकडला.

"चल," ते म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

ठकीने त्यांच्याकडे बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि गाडी सुरू केली.

पहिला मैल मास्तरांनी फक्त देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या मैलाला त्यांना जाणवलं की आपण अजून आहोत. मग त्यांना हळूहळू इतर गोष्टी जाणवायला लागल्या. वळण यायच्या आधीच गाडी आपणहून सावकाश होत होती. गिअर असे पडत होते की कळतसुद्धा नव्हते. एका ठिकाणी ती थांबली, आणि बाहेरून एका म्हातारीचा आवाज आला, "सावकाश जा हो, सुखात रहा!" हजारो लोकांना गाडी शिकवली, पण आपल्या लेकीला ती कशी येते हे मास्तरांना आज पहिल्यांदा कळत होतं. आजवर त्यांनी ती चालूच दिली नव्हती.

"बरी चालवतेस की," ते म्हणाले. आणि मग घाईघाईने, "म्हणजे, हे मत नाही हं!"

पाचला आठ मिनिटं कमी असताना गाडी विद्यापीठाच्या दारात उभी राहिली. मास्तर उतरायला गेले आणि थेट पहारेकऱ्याच्या मिठीत पडले. दोन्ही पाय पार बधिर झाले होते. एका बाजूने ठकी, दुसऱ्या बाजूने पहारेकरी, अशी त्यांची वरात प्रवेश विभागाच्या खिडकीशी पोचली.

खिडकीतल्या बाईंनी वर बघितलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. "मास्तर तुम्ही? ओळखलंत? मी तुमची विद्यार्थिनी! तीन वेळा नापास झाले होते!"

"झाला असाल, झाला असाल," मास्तर धापा टाकत म्हणाले. "बाई, हिचा अर्ज उघडा. क्रम चुकलाय. पहिल्या नंबरावर भूगर्भशास्त्र घाला. हिला डोंगर चढू द्या, खाणीत उतरू द्या, ज्वालामुखीत... ज्वालामुखीच्या काठापर्यंत जाऊ द्या! माझी ना नाही. माझा पाय काहीही बोलला असला तरी माझी ना नाही!"

बाईंनी कळ दाबली, पडद्यावर वाचलं, पुन्हा वाचलं. "काय बदलायचं म्हणालात?"

"भूगर्भशास्त्र. पहिलं."

"पहिलंच आहे."

"कार्यालय व्यवस्थापन?"

"शेवटचं."

मास्तर ठकीकडे वळले. म्हणजे त्यांना जी धूसर आकृती ठकी वाटली तिच्याकडे वळले. "अगं, पण तो कागद!"

"कागद खालून वर भरला मी बाबा," ठकी पलीकडच्या बाजूने म्हणाली. "उभ्या गाडीत कुणी ब्रेक मारतं का? फायलींचं वाचलं तेव्हा तुम्ही झोपलात. ज्वालामुखीला पेले उडाले. दगडांचं मला आधीपासून ठाऊकच होतं, पण तुमचा पाय पडला तेव्हा खात्री झाली की गाडी खरंच चालू झालीय."

मास्तरांनी मनातल्या मनात यादी खालून वर वाचून पाहिली. मग त्यांना राग आठवला. "हे घरी सांगायला काय झालं होतं?"

"तीन वेळा सांगायला गेले. रस्त्याकडे बघ म्हणालात."

"आणि नंतर? नंतर तर मी गप्प होतो! सबंध रस्ता अंगठा धरून बसलो होतो! तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तुम्ही पाय वर घेतले होते," ठकी म्हणाली. "सांगितलं असतं तर खाली ठेवले असतेत."

खिडकीतल्या बाई कानात प्राण आणून ऐकत होत्या. "म्हणजे घरापासून इथपर्यंत मास्तरांनी ब्रेकला पाय लावला नाही?"

"चौथ्या चौकापासून," ठकीने प्रामाणिकपणे सांगितलं.

"माझा मुलगा पुढच्या महिन्यात अठराचा होतोय," बाई विचारात पडून म्हणाल्या. "त्याला गाडी शिकवायचीय. कुणाकडे पाठवावं कळत नव्हतं."

मास्तरांच्या अंगात पुन्हा प्राण आले. ते पहारेकऱ्याचा खांदा सोडून ताठ उभे राहिले, कॉलर नीट केली आणि खिशातून ड्रायव्हिंग स्कूलचं छापील कार्ड काढून रुबाबात खिडकीतून आत सरकवलं.

बाईंनी कार्ड घेतलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवून ते ठकीपुढे सरकवलं.

"तुझा नंबर लिही गं यावर."